सात जर्मन, दोनशे एक बळी

१३ जुलै १९८६, रविवार. सकाळी १०.४०

आजपासून रोज लिहिणार. डायरी ८४ सालची आहे, आप्पांच्या औषध कंपनीने वाटलेली. पानापानाखाली खोकल्याच्या औषधाची जाहिरात. वार सगळे चुकीचे, पण त्याने काही अडत नाही. वार खोडून नवे घालायचे.

आज आप्पांनी शेवटचं सांगितलं. (मार्चमध्येही शेवटचं सांगितलं होतं. आजचं जास्त शेवटचं वाटलं.) म्हणाले, माणक्या, आयटीआय सोडलीस, टायपिंग सोडलंस, झेरॉक्सच्या दुकानात नऊ दिवस टिकलास. अनंत चतुर्दशीपर्यंत एक काम, एकच, हातात घेऊन चार लोकांसमोर पुरं करून दाखव. नाहीतर लांज्याची यष्टी.

लांज्याला मामाची पिठाची गिरणी आहे. दिवसभर एका जागी बसायचं, लोकांचे डबे ओळखायचे आणि पांढरं व्हायचं.

आप्पा कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून आठ तास उभे असतात. त्यांची कापडगिरणी बंद पडल्यापासून हेच. त्यामुळे उभं राहणं म्हणजे काम असं त्यांना वाटतं. माझा पिंड वेगळा. मी वाहता माणूस आहे. हे मी मोठ्याने म्हटलं. शकु (बहीण, नववीत, तोंड बारावीत) म्हणाली, वाहतोयस तर बादली भरून ठेव, नळ जाईल आता.

संकल्प : रोज सहाला उठणे. काम शोधणे. आजचा रविवार धरायचा नाही.

१४ जुलै, सोमवार

साडेनऊला उठलो. सहाला जाग आली होती, ती मोजायला हरकत नाही.

काम शोधायला अंधेरी स्टेशनपर्यंत चालत गेलो. वाटेत एक माणूस दातांनी नारळ सोलत होता. त्याचे तीन नारळ होईपर्यंत थांबलो. नंतर ऑफिसं जेवायला सुटली.

२० जुलै, रविवार. रात्री ९

काम मिळालं!!

मंडळाची मीटिंग झाली. आमचं गुंदवलीचं नवप्रकाश मित्र मंडळ. अध्यक्ष काशीराम, रंगाचं दुकान, त्यामुळे आमचा देखावा दरवर्षी त्याच्याकडे उरलेल्या रंगाचा असतो. गेल्या वर्षी समुद्रमंथन होतं, गुलाबी समुद्र. पलीकडच्या गल्लीने हलता हत्ती आणला आणि उपनगर स्पर्धेत पहिला नंबर मारला. काशीरामला त्या हत्तीमुळे अजून झोप लागत नाही. तो म्हणाला, यंदा काहीतरी जबरी पाहिजे, आणि खाकी पाहिजे. खाकीचे चार डबे पडलेत.

मी पटकन म्हणालो, धोंडूआजोबा!

सगळ्यांनी माना वळवल्या. मग टाळ्या.

आमच्या चाळीत खोली नंबर सोळात धोंडूआजोबा राहतात. दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. एका डोंगरावर पालथे पडून एकट्याने एकशे एक जर्मन टिपले. लांबून, एकेक. याला स्नायपर म्हणतात. काशीरामला वाटलं स्नायपर हे बंदुकीचं नाव. मी समजावलं. आजोबांच्या खोलीत सरकारने छापलेलं चित्र फ्रेम करून लावलंय : झुपकेदार मिशी, बंदूक, खाली अक्षरं, 'कोकणचा वाघ हवालदार धोंडू. शत्रूचे १०१ बळी. तुम्ही कधी येणार?' लहानपणी मला वाटायचं, हे मलाच विचारलंय.

तर देखाव्याची टेप मी लिहिणार. म्हणजे मागून जे धीरगंभीर आवाजात बोलतात ते. पुतळा दादू करणार. दादू मढला सिनेमावाल्यांच्या कारखान्यात प्लास्टरचं काम करतो. तो म्हणाला, मान हलेल, बोट हलेल, मिशी पण हलवू का? नको म्हटलं.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, लिहून पुरी कर, मग बोल. अनंत चतुर्दशीला अजून आठ आठवडे आहेत. टेप सहा मिनिटांची. आरामात.

२३ जुलै, बुधवार

आजोबांची मुलाखत घेतली. दोन तास. वहीत नंतर पाहिलं तर सगळं मीच बोललेलो. माझे विचार मात्र चांगले होते.

आजोबा फार कमी बोलतात. मी विचारलं, पहिला जर्मन पडला तेव्हा काय वाटलं? ते म्हणाले, चाय घेतंस? खऱ्या वीराची हीच लक्षणं.

३ ऑगस्ट, रविवार

टेपचं पहिलं वाक्य झालं : 'तो होता एक डोंगर!' दुसऱ्या वाक्याला घाई करणार नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

दुसरं वाक्य आलं नाही. डोंगराचा अनुभव पाहिजे म्हणून गिल्बर्ट हिलवर चढलो. वर देऊळ आहे. प्रसादाला शिरा होता. तिथून विमानं फार छान उतरताना दिसतात. अठरा मोजली.

८ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी ४

वाट लागली.

आज आजोबांकडे नीट गेलो, वही बंद ठेवून. म्हटलं, आजोबा, काहीतरी खरं सांगा, नाहीतर मी लांज्याला जातो. त्यांनी दार लोटलं. मग पंधरा मिनिटं बोलले. माझ्यासमोर ते कधी एवढं बोलले नव्हते. जसं आठवतं तसं लिहितो.

म्हणाले, मियां खंय गोळी झाडलंय? मी पलटणीच्या लंगरात होतंय. कांदे सोलूक. एक दिस फोटोवालो सायब इलो. माझी मिशी बघल्यान, म्हटल्यान, हय उभो रव. कोणाचो तरी कोट घातल्यानी, बंदूक हातात दिल्यानी, फोटो काढल्यानी, बंदूक परत घेतल्यानी. मी परत कांदे सोलूक गेलंय.

मी विचारलं, मग एकशे एक?

म्हणाले, पयल्या चित्रार सत्तावीस होते. तेवा मी मैद्याच्यो गोणी मोजी होतंय. दुसऱ्यार चौसष्ट. तेवा माका कावीळ झाली होती. एकशे एक झाले तेवा मी हॉस्पिटलात पेज खाय होतंय. हवालदार पण त्यांनीच केल्यानी, कागदार. पगार लंगरातलोच.

म्हणजे एकही नाही?

एक कोंबो, म्हणाले. तो पण सुरीन.

मी हसलो. ते हसले नाहीत. मग लवूचं सांगितलं. लवू त्यांच्या वाडीतला, शेजारचा, एकवीस वर्षांचा. प्रचाराची गाडी गावात आली, पडद्यावर धोंडूचं चित्र दाखवलं, 'तुम्ही कधी येणार?' वाडीतली सहा पोरं दुसऱ्या दिवशी भरतीला गेली. धोंडू जाऊ शकतो तर आपण का नाही? पाच आली परत. लवू परत इलो नाय.

लवूची बहीण म्हणजे खोली नंबर बाराची रुक्मिणीआजी.

आजोबा म्हणाले, तिका काय सांगू? तुझो भाव एका कांदे सोलणाऱ्याचो फोटो बघून मेलो?

वही उघडलीच नाही. घरी येऊन भात खाल्ला, बरा लागला नाही. दोन वेळा घेतला.

९ ऑगस्ट, शनिवार

शांतपणे विचार केला. हा तर मोठा शोध आहे. सरकारने बनवलेला स्नायपर! हे सगळं टेपमध्ये लिहायचं. सत्य! लोक हादरतील. पेपरवाले विचारतील, कोण हा तरुण लेखक?

फक्त रुक्मिणीआजी मांडवात पहिल्या खुर्चीवर बसते. दरवर्षी.

सत्य जरा थांबवून ठेवायला हरकत नाही. सत्य खराब होत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. रुक्मिणीआजीने दरवर्षीप्रमाणे धोंडूआजोबांना कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. पण आज मी बघत होतो. कुंकू लागताना आजोबा डोळे गच्च मिटून घेतात. मला आजवर वाटायचं, अभिमानाने.

आजी मला म्हणाली, माणक्या, लिव हां नीट. लवूचा पण एक नाव घाल. त्येका धोंडूचा लय कौतुक होता.

हो म्हटलं. काय म्हणणार?

संकल्प : उद्या काशीरामला भेटून विषय बदलायचा. हत्ती सुचवायचा. दोन हत्ती.

१७ ऑगस्ट, रविवार

काशीरामला भेटलो. विषय बदलायचा म्हणेपर्यंत त्याने हात धरून मांडवात नेलं. गोणपाटाचा डोंगर अर्धा उभा, वर खाकी मारलेला. पुठ्ठ्याचे सात जर्मन तयार. दोरी ओढली की पडतात, सोडली की उठतात. स्पर्धेचा फॉर्मही भरून झालाय : 'चलचित्र, प्लास्टरचा पुतळा.' पावती त्याच्या खिशात, तो ती मधूनमधून काढून बघतो.

मी म्हणालो, पण काशीराम, समजा ही गोष्ट तितकीशी खरी नसली तर? तो म्हणाला, समुद्रमंथन खरं होतं काय?

याचं उत्तर मला घरी येताना आलं होतं, पण रस्त्यात क्रिकेट चालू होतं.

२० ऑगस्ट, बुधवार

आज एका बैठकीत टेप लिहून काढली! अडीच पानं! काशीरामने मला त्याच्या दुकानात मागे रंगाच्या डब्यांमध्ये बसवून बाहेरून कडी घातली, त्याचाही थोडा फायदा झाला.

मांडवात वाचून दाखवली. काशीराम म्हणाला, झकास, पण एकशे एक कमी वाटतात रे. एकशे एक तर आपण लग्नात पाकिटात घालतो. एकशे एक्कावन्न कर. मी म्हटलं, असं कसं? छापील आकडा आहे. तो म्हणाला, तो सरकारचा आकडा, सरकार नेहमी कमी सांगतं. शेवटी दोनशे एकवर तुटलं.

कोपऱ्यात धोंडूआजोबा बसले होते. ते म्हणाले, माका परत कावीळ झाली काय रे?

बाकीच्यांना काही कळलं नाही. मला कळलं. कळण्याचा काही उपयोग नाही.

एक मात्र केलं. लवूचं नाव घातलं. 'आणि त्याच्या पाठीशी होता वाघासारखा लवू!' हे खरं नाही, पण बाकीच्यापेक्षा कमी खोटं आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

टेप झाली. आवाज काशीरामचाच. त्याने 'धाड्! धाड्!' इतक्या जोरात केलं की शेजारचं बाळ उठलं. ते रडणंही टेपमध्ये आलंय. युद्धाला शोभतं.

आप्पांना म्हटलं, झालं, काम पुरं. आप्पा म्हणाले, लोकांसमोर म्हटलं होतं मी. देखावा उभा राहू दे. आणि पुतळा आणायला कोण जातंय? मी म्हटलं, मी! अख्खी जबाबदारी माझी.

हे का म्हटलं ते आत्ता आठवत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार. संध्याकाळी ७

लिहायला हात वळत नाही, पण लिहितो. नंतर चरित्रात चुकीचं यायला नको.

सकाळी दहाला मढला पोचलो. पुतळा तयार. साडेपाच फूट, पालथा पडलेला, डावा डोळा मिटलेला, उजवा नेमावर. मान हलत होती. दादूने गोणपाटात गुंडाळून हातगाडीवर ठेवला आणि तीनदा बजावलं, सरळ जेट्टीवर जायचं. होडीत घालायचा. पलीकडे वेसाव्याला टेम्पो उभा आहे. मधे कुठे थांबायचं नाही. मी म्हणालो, दादू, मी काय लहान आहे?

जेट्टीच्या वाटेवर एका बंगल्यात शूटिंग चाललं होतं. मिलिटरीचं.

मी थांबलो नाही. हातगाडीचं चाक आपोआप सावकाश झालं. एक असिस्टंट आला, गोणपाट उचलून बघितलं, म्हणाला, अरे वा, ये तो अपने काम का है. दो मिनट के लिए दे दे. बस गच्ची पे पडा रहेगा. मी विचारलं, आणि मी? तो म्हणाला, तू पब्लिक में खडा हो जा. कॅमेऱ्यासमोर! आपण होऊन!

नीट लिहितो. पुतळा गच्चीच्या कठड्यावर ठेवला. हिरोने खालून बंदूक रोखली. पुतळ्यात त्यांनी फटाका लावला होता, हे मला कोणी सांगितलं नाही. धाड् झालं, मुंडकं उडून माडाच्या बुंध्यापाशी पडलं. हिरो त्या वेळी दुसरीकडेच बघत होता. डायरेक्टर ओरडला, वन मोर! दुसऱ्या टेकला उरलेला गेला.

दोनशे एक जर्मनांना भारी पडलेला माणूस. दोन टेकमध्ये.

आणि पब्लिकमध्ये मला पाठमोरं उभं केलं होतं.

होडीत पुतळ्याच्या हाताचं फक्त एक बोट घेऊन बसलो. ते अजून हलत होतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

मांडवात सगळे जमले. काशीराम अर्धा तास बोलला, त्यातले पाचसहा शब्द लिहिण्यासारखे आहेत. पलीकडच्या गल्लीत यंदा हत्तीच्या जोडीला सिंह आहे, हे त्याने चारदा सांगितलं. नवा पुतळा तीन दिवसांत होत नाही. देखावा बंद ठेवला तर फॉर्म फुकट. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तुझ्या बापाला बोलावतो.

दादू पुढे आला. त्याने खिशातून मापाची पट्टी काढली आणि माझी उंची मोजली.

साडेपाच फूट.

६ सप्टेंबर, शनिवार

परिस्थिती अशी आहे. मी पुतळा आहे.

रोज संध्याकाळी सात ते साडेदहा. गोणपाटाच्या डोंगरावर पालथा. तोंडाला, हातांना दादूने मातकट रंग थापायचा, कापसाची मिशी, पत्र्याचं हेल्मेट. बूट मिळेनात म्हणून मी माळ्यावरून आप्पांचे जुने ड्युटीचे बूट आणले. बंदूक लाकडी, दादूने टेबलाच्या पायाची केलीय. मान सावकाश डावीकडून उजवीकडे, मोटरसारखी. डावा डोळा मिटलेलाच. उजवा मिटायचा नाही. मात्र 'धाड्'ला लाइट जातो, तेवढ्यात मिटून घ्यायचा. सहा मिनिटांत चौदा धाड् आहेत. म्हणजे चौदा वेळा डोळा मिटायला परवानगी.

आणि कोणाला सांगायचं नाही. जिवंत देखाव्याचा गट वेगळा असतो. आमचा फॉर्म पुतळ्याचा. कळलं तर मंडळ बाद. काशीरामने गणपतीच्या पाटावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. आप्पांनाही नाही? म्हटलं. तो म्हणाला, तुझे आप्पा गेटवर सगळ्या कंपनीशी बोलतात.

बरोबर आहे म्हणा. पण बघितलं तर ही संधीच आहे. संयम! एकाग्रता! दहा दिवसांनी मी वेगळाच माणूस असेन.

७ सप्टेंबर, रविवार. गणेश चतुर्थी

पहिला दिवस. सव्वासातला नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. ती साडेदहाला मिटली.

इथून जग कसं दिसतं : दोरीपलीकडे रांग, पोरं खांद्यावर, सगळी तोंडं वर, माझ्याकडे. आणि मला कुठेच जाता येत नाही. समोरून फुगेवाला जातो. रस्त्यावर भांडण झालं, आवाज आला, बघता आलं नाही. कशावरून झालं ते अजून कळलेलं नाही.

एका पोराने विचारलं, पप्पा, हा जिवंत आहे? पप्पा म्हणाले, नाही रे, आत मशीन आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

धोंडूआजोबा दुपारी भेटले. मी मानेला तेल चोळत होतो. त्यांनी विचारलं नाही, त्यांना दिसलं. म्हणाले, मान दुखता? माका पण दुखली होती. फोटोवाल्यान अर्धो तास धरून ठेवल्यान.

मी म्हटलं, आजोबा, तुमचा अर्धा तास, माझे दहा दिवस. ते म्हणाले, माझो अर्धो तास अजून चालू हा.

हे वाक्य छान आहे. टेपमध्ये घालायला पाहिजे होतं. घालता आलं नसतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज रांगेत आप्पा आले. आई, शकु बरोबर.

मला वाटलं, आत्ता ओळखतील. बावीस वर्षं ज्या तोंडाकडे बघून डोकं धरलं ते ओळखणार नाहीत? मान त्यांच्याकडे फिरली (टेपप्रमाणे). आप्पांनी डोळे बारीक केले. जवळ आले. शकुला म्हणाले, काम बघ दादूचं. बूटसुद्धा हुबेहूब आमच्या कंपनीसारखे केलेत.

मग म्हणाले, याला म्हणतात एका जागी राहणं. आमचा तो बघ. मंडळाचं काम करतो म्हणून रोज जातो, चार दिवसांत मांडवात एकदा तरी दिसला का? हा पुतळा त्याच्यापेक्षा जास्त राबतो. शकु म्हणाली, आणि उलट बोलत नाही.

लाइट जायला अजून वेळ होता. उजवा डोळा जळायला लागला.

आईचं लक्ष पुतळ्याच्या तोंडाकडे नव्हतं. ती बुटांकडे बघत होती. आमच्या माळ्यावरून बूट गेलेत हे घरात तिलाच माहीत असतं. 'धाड्' झालं, लाइट गेला, आला, तर ती अजून तिथेच. मागचे ढकलायला लागले तेव्हा गेली.

घरी आलो तर ताटाशेजारी रॉकेलचा बोळा ठेवलेला. कानामागचा रंग काढायला. आई म्हणाली, जेव. एवढंच.

१३ सप्टेंबर, शनिवार

परीक्षक येऊन गेले. तिघे. एक जाड चष्म्याचा, तो दोरी ओलांडून माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आला. त्याने कांदा खाल्ला होता. मी हललो नाही. पापणी हलवली नाही. श्वासही त्याच्या बेताने घेतला. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत चांगली सहा मिनिटं. आयटीआयच्या मास्तरांनी बघायला पाहिजे होतं.

पहिला नंबर नक्की. मग काशीराम शपथ मोडेल, मी आप्पांसमोर उभा राहीन, आणि मामाच्या गिरणीला दुसरा माणूस शोधावा लागेल.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज टेपच्या मधल्या वेळात पडदा पडलेला असताना रुक्मिणीआजी आत आली. घरची म्हणून तिला कोणी अडवत नाही. मला खाजवायला दोन मिनिटं मिळतात, ती वाया गेली. परत पुतळा झालो.

ती खाली वाकली. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, दादून चेहरो धोंडूचो नाय केल्यान. हो आमचो लवू. एकवीस वर्सांचो. अगदी असोच दिसायचो.

पदराने माझा गाल पुसला. हळू, जसा लहान पोराचा पुसतात. म्हणाली, बघ रे, तुझा नाव घेतल्यानी आज. सगळ्या अंधेरीन आयकल्यान. आता नीज.

माझ्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. 'धाड्'ला अजून वेळ होता, काय करणार? ती गेली, पडदा उघडला, रांगेतला एक माणूस म्हणाला, प्लास्टरला भेग गेली बघ डोळ्याखाली. पावसाचं पाणी मुरलंय.

आज सत्य सांगायचा विचार एकदाही मनात आला नाही. उद्या आला तर बघू.

१७ सप्टेंबर, बुधवार. अनंत चतुर्दशी

देखावा उतरवला. विसर्जनाला मी गेलो नाही. घरी बसून राहिलो, चार तास, एका खुर्चीवर. कोणी सांगितलं नव्हतं. उठायचं लक्षातच आलं नाही.

आप्पा म्हणाले, आज मुदत संपली. काय पुरं केलंस? मी म्हटलं, टेप. आप्पा म्हणाले, काशीराम सांगतो टेप त्याने लिहिली.

काशीरामला गाठलं. तो म्हणाला, अरे, आवाज माझा आहे ना, लोकांना तसं वाटतं, मी काय भांडू? निकाल लागू दे.

२० सप्टेंबर, शनिवार

निकाल लागला. पलीकडची गल्ली पहिली. सिंहाने डरकाळी फोडली होती म्हणतात. आम्हाला 'उत्कृष्ट पुतळाकाम, उत्तेजनार्थ', शिल्पकार दादू. खाली परीक्षकांचा शेरा : 'पुतळ्याची घडण उत्तम. मात्र नेमबाजाच्या उघड्या डोळ्यात जिवंतपणा हवा होता.'

हे मी पाच वेळा वाचलं.

पेपरात फोटो आलाय. माझा पहिला फोटो. खाली लिहिलंय, 'गुंदवली येथील प्लास्टरचा पुतळा.' आप्पांनी तो कापून भाताच्या खळीने भिंतीवर चिकटवला, माझी गादी असते त्याच्या अगदी वर. म्हणाले, रोज उठून बघितला असतास तर ही वेळ आली नसती.

तिकीट काढून आणलंय. उद्या सकाळचं.

काशीराम म्हणतो, पुढच्या वर्षीही हाच देखावा, आकडा तीनशे एक. तोपर्यंत तोंड बंद. बक्षीस परत मागतील.

२१ सप्टेंबर, रविवार. यष्टीत, सीट २७

मागच्या सीटवर कोंबडी आहे. अक्षर हलतंय.

सकाळी धोंडूआजोबा पिशवी धरायला स्टँडपर्यंत आले. विचारलं, सांगलंस बापाशीक? नाही म्हटलं. ते म्हणाले, बरा केलंस. पयली धा वर्सा जड जातत. मग लोक आपल्यापेक्षा त्या चित्राकच बरे वळाखतत.

माझं मात्र ठरलं होतं. गाडी सुटायच्या आधी आप्पांना सगळं सांगून टाकायचं. शपथ गेली खड्ड्यात. वाक्यही तयार केलं होतं : आप्पा, तो पुतळा मी होतो. सहा शब्दांचंसुद्धा नाही.

आप्पा खिडकीशी आले. म्हणाले, एक काम मागितलं होतं रे तुझ्याकडे. एकच.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्या मागून रुक्मिणीआजी आली. चाळीपासून लाडवांचा डबा घेऊन चालत आली होती. डबा खिडकीतून आत दिला आणि आप्पांना म्हणाली, त्या पेपरातल्या फोटोचो एक तुकडो माका पण आण हां. आमच्या लवूचो एक पण फोटो नाय घरात.

आई तिच्या शेजारी उभी होती. माझ्याकडे बघत होती. आजोबा दुसरीकडे.

मी तोंड मिटलं. मान समोर केली. बोललो नाही, हललो नाही. कंडक्टरने घंटी मारली आणि डावा डोळा आपोआप मिटला.

शकु ओरडली, आप्पा, बघा! जाताना पण डोळा मारतोय!